डेमो एका मशीनचा, डबा दुसऱ्याच मशीनचा

खूप दिवस लिहू का नको असं चाललं होतं कारण यात माझीच अक्कल निघते, पण परवा मेव्हण्याने मला एक ॲड फॉरवर्ड केली, "भावजी हे बघा, तुम्हाला सुतारकामाचा नाद आहे ना, साडेपाच हजारात मायटर सॉ", ती बघून म्हटलं लिहूनच टाकावं.

मी पुण्यात राहतो, धायरीकडे. नोकरी कॉम्प्युटरवरची, सुतारकाम शनिवार-रविवारचं. गॅलरीत एक टेबल, एक मार्बल कटर, ड्रिल, जिगसॉ, दोन पटाशा आणि आजोबांचा रंधा, एवढाच संसार. मायटर सॉ म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोल ब्लेड वरून खाली येतं आणि पट्टी हव्या त्या कोनात कापून देतं, मुख्यतः ९० आणि ४५. फोटो फ्रेम, चौकट, बीडिंग पट्टी, जिथे कोपऱ्यात दोन तुकडे तिरके जुळवायचे तिथे हे मशीन म्हणजे अर्धं काम. नावाजलेल्या कंपनीचं १० इंची घ्यायचं तर १५ हजाराच्या वर जातं आणि मी वर्षभर ते कार्टमध्ये टाकून काढत होतो.

२०२५ ला गणपती २७ ऑगस्टला होते. जुलैमध्ये मी घरात जाहीर करून बसलो की यंदा थर्माकोल नाही न् भाड्याचं नाही, सागवानी मखर करणार, दरवर्षी घडी घालून माळ्यावर ठेवता येईल असं. टिंबर मार्केटमधून जुन्या वाड्यातलं सागवान आणलं, ते फाडून पट्ट्या करून घेतल्या, आणि त्याच आठवड्यात फोनवर ॲड आली. "इम्पोर्टर स्टॉक क्लिअरन्स, १० इंच मायटर सॉ, २२०० वॅट, १०० टक्के कॉपर, एमआरपी १४,५००, सेल ५,८००, फक्त ३ दिवस". पत्ता भोसरीच्या बाजूला एमआयडीसीतला एक गाळा. आता मी स्वतःला हुशार समजतो, ऑनलाईन पैसे पाठवले नाहीत, कुरिअर नको म्हटलं, म्हटलं जाऊन डोळ्याने बघून घेऊ. इथेच सगळी मेख आहे, कारण ॲडव्हान्स घेऊन गायब होणारे आपल्याला माहीत असतात, आणि डोळ्यासमोर चालवून दाखवणाऱ्यावर आपण लगेच विश्वास टाकतो.

गाळा मोठा होता, खोक्यांच्या थप्प्या, ग्राइंडर, ब्लोअर, प्रेशर वॉशर, गर्दी पण बऱ्यापैकी. एका टेबलावर मायटर सॉ बोल्टने पक्का बसवलेला. तिथला पोरगा अगदी गोड बोलणारा, "दादा तुम्ही स्वतः कापून बघा ना". मी खिशातून माझा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, काढला (हो, मी गुण्या घेऊन गेलो होतो, बायको आजही यावरून हसते) आणि पाइनची पट्टी ४५ ला लावून कापली. लोण्यासारखा कट. गुण्या लावला, उजेडात धरला, फट नाही. आवाज एकसारखा, वरचं डोकं हलवून पाहिलं तर ढिलेपणा नाही, गार्ड म्हणजे ब्लेडवरचं झाकण आपोआप खाली येतंय. मी मनातल्या मनात मखर पूर्ण करून त्याला पॉलिशसुद्धा मारून टाकलं.

"देऊ का दादा?" म्हणाला. म्हटलं दे. "हा डेमोचा पीस नेताय का सीलबंद देऊ?" असं त्यानेच विचारलं, आणि असं विचारल्यावर आपल्यातला कोण म्हणेल की डेमोचा दे? शोरूममधली साडी पण आपण "नवीन काढा" म्हणतो. सीलबंद डबा आला, वर तोच फोटो, तोच हिरवट-निळा रंग. मी डबा उचलला तेव्हा हलका लागला. हे मला तेव्हा जाणवलं होतं, खोटं नाही सांगत, पण डोक्याने लगेच उत्तर पण दिलं की टेबलावरच्याला खाली बोल्ट आहेत म्हणून तो जड वाटला असेल.

मग बिल. "पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के वर लागतील, नाहीतर एस्टिमेट देतो, वॉरंटी कार्ड दोन्हीला सेम." ५,८०० चे १८ टक्के म्हणजे १,०४४ रुपये. मी १,०४४ रुपये वाचवले! क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल रिचार्जच्या दुकानाचं. विचारलं तर म्हणाला आमच्या शेटच्या भावाचं खातं आहे. पैसे पाठवले, एस्टिमेटच्या कागदावर "मायटर १ नग" आणि रक्कम, दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, शिक्का फक्त "थँक्यू" चा.

घरी रविवारी सकाळी चहा घेऊन डबा उघडला. रंग तोच, बाकी काहीच ते नव्हतं. डेमोच्या मशीनचा गार्ड जाड पारदर्शक होता आणि सरकन परत यायचा, याचा पातळ, आणि अर्ध्यावर अडकून राहायचा, बोटाने ढकलावा लागायचा, म्हणजे फिरणाऱ्या ब्लेडजवळ बोट न्यायचं. (नाही नेलं.) वायर मोबाईल चार्जरपेक्षा जरा जाड. स्टिकरवर २२०० वॅट आणि खाली टोकाला साधी छोटी पिन. आता २२०० ला २३० ने भागा, साडेनऊ अँपिअर येतात, त्याला गीझरसारखी १६ अँपिअरची पिन पाहिजे. म्हणजे एकतर वायर जळणार नाहीतर वॅट खोटे. डब्यावर इम्पोर्टरचं नाव, पत्ता, कस्टमर केअर, महिना-वर्ष यातलं काही म्हणजे काही नाही, जे पॅक मालावर कायद्याने छापावंच लागतं. फक्त बारीक अक्षरात "मेड इन पीआरसी". हे म्हणजे चायनाच, पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना, पण "चायना" लिहिलं की गिऱ्हाईक बिचकतं म्हणून तसं लिहितात. चायनाचं मशीन वाईटच असतं असं नाही हां, मोठमोठ्या कंपन्यांचा माल पण तिकडून येतो, प्रश्न हा की बिघडलं तर इथे जबाबदार कोण.

तरी मी चालू केलं. आशा, दुसरं काय. मागच्या जाळीतून बघितलं तर कार्बनच्या (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे घासते तुकडे) इथे निळ्या ठिणग्यांचं कडं. थोड्या ठिणग्या कार्बनवाल्या प्रत्येक मशीनला असतात पण हे दिवाळीतल्या चक्रासारखं. चार पट्ट्या ४५ ला कापून चौकट जुळवली, तीन कोपरे दाबून बसवले आणि चौथ्यात एक रुपयाचं नाणं आरामात आत गेलं. याचं गणित साधं आहे, चार कोपऱ्याला आठ कट लागतात, प्रत्येक कट अर्धा अंश चुकला तरी शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांचा हिशोब येऊन बसतो. चांगल्या मशीनला मागची फेन्स, म्हणजे जिला पट्टी टेकवतात ती भिंत, ढिली करून ॲडजस्ट करता येते, इथे फेन्सची भोकं फिट्ट, हलायला जागाच नाही, आणि ४५ ची खाच बेसमध्येच ओतलेली, ती सुद्धा चुकीच्या जागी. ९० चा कट पण तपासला. पट्टी कापायची, एक तुकडा उलटा करायचा आणि दोन्ही कापलेली तोंडं सपाट फळीवर एकमेकांना भिडवायची, मशीन जेवढं चुकत असेल त्याच्या दुप्पट फट दिसते. गुण्यापेक्षा हे भारी, आणि फुकट. गाळ्यात मी हेच डब्यातल्या मशीनवर करायला पाहिजे होतं.

ब्लेडवर १२० दात. लाकडाला १० इंचात ४० ते ६० दात पुरतात, १२० चं ब्लेड मुख्यतः ॲल्युमिनियम सेक्शनचं, खिडक्यावाले वापरतात ते. सागवानात ते कापण्यापेक्षा जाळतच होतं, कडा काळ्या, घरभर धूर. मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन ६० दातांचं लाकडाचं ब्लेड आणलं, म्हणजे जखमेवर अजून खर्च, लावलं, जरा बरं चाललं. तिसऱ्या संध्याकाळी दोन इंची सागवानाच्या तुकड्यावर आवाज जड झाला, मग तो वास आला. ज्याने एकदा मिक्सर जाळलाय त्याला तो वास ओळखता येतो. गोडसर, जळक्या वार्निशचा. आणि शांतता.

त्या पोराला फोन लावला. पहिल्यांदा गोड, "दादा व्हिडीओ पाठवा". पाठवला. मग म्हणे, "लोड जास्त दिलात तुम्ही, हे ॲल्युमिनियमचं मशीन आहे, लाकडाचं नाहीच." म्हटलं अरे तूच मला लाकूड कापून दाखवलंस ना! "ते डेमोचं वेगळं मॉडेल होतं दादा." इतक्या सहज म्हणाला की मला दोन मिनिटं बोलताच येईना. वॉरंटी कार्ड काढून वाचलं, सहा महिन्यांची वॉरंटी, आणि मागे बारीक अक्षरात आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग), फील्ड कॉइल (भोवतीची तारेची गुंडाळी), स्विच, कार्बन आणि ब्लेड वॉरंटीत येत नाही. मग उरलं काय, हँडल? दुसऱ्या दिवसापासून माझा नंबर ब्लॉक.

धायरी फाट्यावर एक वाइंडिंगवाले, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळून देणारे, काका आहेत, मशीन त्यांच्याकडे नेलं. त्यांनी खोलून फील्ड कॉइल बाहेर काढली, कटरच्या पात्याने तार जरा खरवडली आणि माझ्यापुढे धरली. वरून तांब्यासारखी लालसर, आत चांदीसारखी पांढरी. "ॲल्युमिनियम. वर नुसता कलर." माझ्या डब्यावर मोठ्या अक्षरात १०० टक्के कॉपर! ॲल्युमिनियमची वाइंडिंग करतातच, पंख्यात वगैरे चालते, पण त्याची वीज वाहून न्यायची ताकद तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, तेवढंच काम घ्यायचं तर तार जाड पाहिजे आणि इथे तार तेवढीच बारीक, मग तापून जळणारच. वजन पण म्हणूनच हलकं, ॲल्युमिनियम तांब्याच्या तिप्पट हलकं असतं. काका म्हणाले, "साहेब, कॉपरमध्ये भरून देतो, पण तुम्ही करू नका. बेअरिंग पण गेलेलं आहे. हे महिन्यात तिसरं आलंय माझ्याकडे, सगळी याच रंगाची."

बेअरिंग तीन दिवसात कसं गेलं विचारलं तर ते नुसते हसले. स्क्रूच्या खाचा दाखवल्या, आधी उघडलेल्या, त्यावर ताजा रंग. म्हणजे सीलबंद डब्यात जुनं मशीन रंगवून भरलेलं.

शनिवारी भोसरीला गेलो. त्याच गाळ्यात गाद्यांचा सेल लागलेला. गादीवाला म्हणाला ते टूलवाले पंधरा दिवसांसाठीच आले होते, भाडं रोख दिलं, गेले. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केला, बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, दुकानाचं नाव? बिल नंबर? पत्ता? मी हातातल्या थँक्यूच्या शिक्क्याकडे बघत बसलो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी सुद्धा नाही, वकील न करता जाता येतं, पण समोर उभं कुणाला करणार? तक्रार "मोबाईल रिचार्जवाल्या भावा"वर? ते १,०४४ रुपये देऊन पक्कं बिल मागितलं असतं तर एकतर १५ अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर हातात आला असता, जो फोनवर तिथल्या तिथे चेक करता येतो, नाहीतर त्याने काहीतरी कारण काढून टाळलं असतं आणि मी घरी आलो असतो. दोन्हीत माझा फायदाच होता.

आणि सगळ्यात जास्त चीड याची येते की त्याने मला विचारलं होतं. डेमोचा नेताय का. मी हो म्हटलं असतं तर काय केलं असतं त्याने? कदाचित म्हणाला असता तो विकायचा नाही, आणि तेच उत्तर मला पुरलं असतं. आता मी कुणाबरोबर मशीन घ्यायला गेलो तर जे चालवून बघितलं तेच उचलायचं, पेटी फाटकी का असेना, आणि सीलबंदच पाहिजे असेल तर सील तिथे काउंटरवर फोडायचं, त्याच बोर्डात पिन घालायची, सिरीयल नंबरचा फोटो काढायचा आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्यायचा. आमच्या सोसायटीतल्या एकाने असं केलं तर दुकानदार वैतागला, पण माल खरा होता म्हणून त्याने चालवून दिलं.

मखर झालं. बोहरी आळीतून प्लॅस्टिकचा मायटर बॉक्स (करवत कोनात धरायला खाचा असलेली पेटी) आणि बारीक दाताची करवत आणली, चारशेच्या आत काम झालं, रोज रात्री जेवणानंतर दोन-दोन कोपरे कापत बसायचो, आदल्या रात्री दोन वाजता पॉलिश. एक कोपरा जरा उघडा राहिला तिथे बायकोने झेंडूचं फूल खोचलं. मशीन माळ्यावर आहे, भंगारवाल्याने १२० रुपये सांगितले म्हणून दिलं नाही, एवढा पण नाही मी गेलेला.

तर मेव्हण्याने पाठवलेली ॲड. फोटो तोच, टेबलावर बोल्ट केलेलं तेच डेमोचं मशीन, बेसवर उजवीकडे तोच ओरखडा, मी गुण्या टेकवला होता त्याच्या बाजूला. फक्त पत्ता आता वाघोलीचा, आणि किंमत तीनशेने कमी.