लालबागेतला मालवा उत्सव : ढोलाजवळ बसा, ट्रॅकपासून लांब

मे महिन्यात इंदूरला दिवसा बाहेर पडवत नाही. पण दिवेलागणीला पश्चिमेचा वारा सुटतो आणि अंगण, गच्ची, मैदान पुन्हा माणसांनी भरतं. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, म्हणतात ती हीच. मालवा उत्सव या वेळेच्या जोरावर उभा आहे. लालबाग पॅलेसच्या आवारात दुपारी चारच्या सुमारास शिल्प मेळा, म्हणजे हस्तकलांचा बाजार, उघडतो आणि अंधार पडल्यावर मंचावर लोकनृत्यं सुरू होतात. उन्हाळ्यात उघड्यावर होणाऱ्या कार्यक्रमांत याच्या तोडीचं इंदुरात दुसरं काही नाही. मात्र किती वाजता पोहोचायचं आणि कुठे बसायचं हे आधी ठरवलं नाही, तर निम्मी मजा हातची जाते.

शिल्प मेळ्यासाठी सहा ते सात हा एक तास सगळ्यात चांगला. त्याआधी मांडवाच्या कापडाखाली दिवसभराची धग कोंडलेली असते. सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात कापडाचा खरा रंग कळत नाही. बाग प्रिंट घ्यायचं असेल तर हे फार महत्त्वाचं. धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या या छपाईत लाल रंगासाठी तुरटी आणि चिंचोक्याची खळ वापरतात, काळ्यासाठी लोखंडाचा गंज. छापलेलं कापड वाहत्या पाण्यात धुऊन मग धावडीच्या फुलांसोबत उकळतात, तेव्हा तो लाल खुलतो. दिवसाच्या उजेडात त्यात किंचित मातकट झाक दिसते. भडक, एकसारखा लाल दिसला की शंका घ्या.

ठसा हाताचा की स्क्रीन प्रिंटिंगचा हे ओळखायला कापड उलटं करा. हातठशाचा रंग मागच्या बाजूला बऱ्यापैकी उतरलेला असतो. मग काठाची रांग बोटाने धरून पुढे जा. वीतभराच्या आत दोन ठसे जिथे जुळतात तिथे रेघ जराशी एकमेकींवर चढलेली किंवा केसभर सुटलेली सापडते. स्क्रीनच्या कापडावर अशी जागा मिळत नाही, पाच मीटर कापड एका साच्यातून काढल्यासारखं दिसतं. दुकानदाराला ‘हातका है क्या’ विचारण्यापेक्षा हे बरं, कारण त्या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’च असतं. घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा कापड वेगळं, थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

माहेश्वरी साडी घेताना काठ दोन्ही बाजूंनी पाहा. दोन्हीकडून सारखा नेसता येणारा काठ आणि पदरावरचे पाच पट्टे ही तिची जुनी ओळख. रेशमी ताणा आणि सुती बाणा असलेली साडी उन्हाळ्यात अंगावर हलकी राहते. चटई, वीट, हिरा ही काठावरची नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या भिंतींवरूनच आलेली आहे. अहिल्याबाईंनी तिथे विणकर वसवले, त्या गावापासून शंभर किलोमीटरच्या आत राहून आपण पॉवरलूमची नक्कल नेसावी हे बरं नाही.

खाण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दाल-बाफला चांगला असला तरी हळदीच्या पाण्यात उकडून, भाजून, तुपात बुडवलेला बाफला पोटात घेऊन दोन तास खुर्चीवर बसणं अवघड जातं. इंदुरी शिकंजी घट्ट दुधाची, सुकामेव्याची असते. तिने तहान भागत नाही, तेव्हा पाण्याची बाटली वेगळी ठेवा.

आता मंच. इथली खरी श्रीमंती म्हणजे मध्य प्रदेशचे सगळे प्रदेश शेजारीशेजारी बघायला मिळतात. माळव्याचं मटकी हे घुंघटातलं, अंग राखून केलेलं नृत्य, त्यात सगळी लय कंबरेत आणि मनगटात. निमाडच्या गणगौरमध्ये बायका रणूबाई आणि धणियर राजा या देवतांचे रथ डोक्यावर घेऊन नाचतात, म्हणजे मान स्थिर ठेवून पाय चालवायचे. बुंदेलखंडाची बधाई याउलट मोकळी, उसळती. झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिल्लांचं भगोरिया ढोल-मांदळ-थाळीवर चालतं. डिंडोरीकडचा गुदुम बाजा यादीत असेल तर तो दिवस चुकवू नका. कमरेला अडकवलेला ढोल, त्याला बसवलेली शिंगं, आणि वाजवता वाजवताच वादक एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे रचतात. मनोरा उभा राहतो तेव्हाही ठेका तुटत नाही. दहीहंडी बघितलेल्या माणसालाही इथे श्वास रोखावा लागतो.

ही वाद्यं उघड्या मैदानासाठीच घडलेली आहेत, त्यांना माइकची फारशी गरज नाही. म्हणून काही पथकं प्रत्यक्ष वादक न आणता ध्वनिमुद्रित ट्रॅकवर नाचतात तेव्हा वाईट वाटतं. ट्रॅकवर नर्तक संगीतामागे धावतो. ढोलवाला समोर असला की गिरकी लांबली तर तो थाप लांबवतो, दम लागला तर लय सावरून घेतो. ही देवाणघेवाण हाच लोकनृत्याचा प्राण आहे. आयोजकांना अभिप्राय द्यायची संधी मिळाली, तर प्रत्यक्ष वादकांचा आग्रह जरूर धरा.

बसायची जागा. पहिली रांग टाळा. मंच साधारण बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतका उंच असतो, त्यामुळे मागच्या रांगेतल्या नर्तकांची पावलं दिसत नाहीत, आणि मंचाखालच्या मोठ्या स्पीकरचा घुमारा थेट छातीवर येतो. अगदी मागेही नको. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे मंचापासून ३५ मीटरवर बसलात तर पाऊल पडलेलं दिसल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाने थाप ऐकू येते. एवढासा फरक, पण नृत्यात तो सतत खुपतो. आवाजाच्या मिक्सरचं टेबल कुठे आहे ते शोधा आणि त्याच्या थोडं पुढे, मध्यावर बसा. आवाज बसवणारा माणूस आपल्या कानांनी तिथेच बसवत असतो. वारा जोरात असेल तर गाण्याचे शब्द येतात-जातात, अशा वेळी वारा मंचाकडून आपल्याकडे येईल अशी बाजू धरा. लहान मुलांना स्पीकरच्या समोर मुळीच बसवू नका.

सूर थोडे हललेले वाटले तर कलाकाराला लगेच दोष देऊ नका. गरम हवेत बासरी चढते आणि तारा उतरतात, दोन्ही एकत्र असली की मेळ बसवणं कठीण जातं. चामडं कोरड्या हवेत ताणलं जातं, वळिवानंतरच्या दमट हवेत सैल पडतं. आपल्याकडे हलगी शेकून घेतात ती यासाठीच. पथक मंचावर येण्याआधी दोन मिनिटं ढोल जुळवत असेल तर ती वेळ त्याला द्यावी, टाळ्या पिटून घाई करू नये.

वेळेचं आणखी एक गणित आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. उत्सव कुठलाही असो, सत्कार लांबले की शेवटच्या पथकाची मिनिटं कापली जातात. हारतुऱ्यांचा पहिला दिवस आणि समारोप सोडून मधला एखादा आडवार निवडा.

आवाराला लागून कान्ह नदी आहे, तेव्हा डासांचं मलम आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत. दुपारी वळीव पडून गेला असेल तर चपला नकोत, पट्ट्याचे सँडल किंवा जुने बूट घाला. माळव्याची काळी माती ओली झाली की तळव्याला चिकटून पावलागणिक जड होते. लोकमान्य नगर, सुदामा नगरकडच्यांनी गाडी न आणता रिक्षाने यावं. कार्यक्रम सुटल्यावर सगळी गर्दी एकदम महू नाक्यावर येते, त्यामुळे परतीची रिक्षा फाटकासमोर न शोधता थोडं पुढे चालत जाऊन धरावी.