लोंगजिंग की बिलुओचुन?

दोन्ही चीनचे हिरवे चहा, दोन्ही कढईत परतलेले. फरक हाताच्या कामात. हांगचौचा लोंगजिंग गरम कढईवर तळहाताने दाबतात, म्हणून पान चपटं आणि चव भाजलेल्या चेस्टनटसारखी. सुचौजवळचा बिलुओचुन तळहातांत चोळून वळतात: गोगलगायीसारखी गुंडाळी, वर पांढरी लव, चव फुलाफळांकडे झुकणारी.

लोंगजिंग ३ ग्रॅम, पाणी १५० मिलि, ८० अंश, दोन मिनिटं. बिलुओचुनचं उलटं: आधी ग्लासात ७५ अंशांचं पाणी, मग वरून पानं सोडायची, ती आपोआप तळाशी जातात. पानांवर जोरात धार धरली की लव सुटून पाणी गढुळतं. उकळतं पाणी दोघांनाही कडू-तुरट करतं. (दूध-साखर नकोच.) नवख्याने लोंगजिंग घ्यावा, तो चुका पोटात घालतो.