मेत्सॅन.फि : मिश्र जंगलाच्या मालकाला ही सेवा कितपत पुरते?

फिनलंडमधील उत्पादक जंगलांपैकी सुमारे ६० टक्के क्षेत्र खासगी, आणि त्यातही मुख्यतः कुटुंबांच्या मालकीचे आहे. या मालकांपैकी पुष्कळ जण जंगलापासून दूर, शहरात राहतात. त्यांना आपल्या जंगलाची स्थिती घरबसल्या कळावी म्हणून मेत्सॅकेस्कुस या सरकारी वनकेंद्राने २०१२ मध्ये मेत्सॅन.फि ही ऑनलाइन सेवा सुरू केली आणि २०१५ पासून ती मोफत केली. माझ्या पत्नीच्या माहेरचे जंगल सामायिक मालकीचे आहे, त्यात पाइन आणि स्प्रूस ही सूचिपर्णी झाडे, तर बर्च आणि थोडे ॲस्पेन ही पानझडी झाडे अशी सरमिसळ आहे, आणि त्याचे नियोजन आम्ही बऱ्याच अंशी या सेवेच्या आधारे करतो. उभ्या, वाढलेल्या जंगलासाठी ती उत्तम आहे. मिश्र जंगलाची नवी पिढी उभी करताना मात्र तिच्या भरवशावर राहू नये, असे माझे मत आहे.

बँकेच्या ऑनलाइन लॉगिनने सेवेत प्रवेश केला की नकाशावर आपली हद्द दिसते. हद्दीच्या आत जंगलाचे लहान लहान विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागापुढे झाडांच्या जाती, वय, उंची, लाकडाचे घनमीटर, वार्षिक वाढ आणि सुचवलेले काम अशी माहिती असते. ही माहिती गोळा करण्याची पद्धत मला विशेष आवडली. विमानातून लेझर किरणांनी जंगल मोजले जाते आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या फेरीत दर चौरस मीटरला निदान ५ बिंदू टिपले जातात. त्याला हवाई छायाचित्रांची जोड दिली जाते, शिवाय जमिनीवर ९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळांत झाडे प्रत्यक्ष मोजून त्यावरून हिशेब बसवला जातो. हा हिशेब पुढे १६ मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत मांडतात, आणि अशा चौकटीचे क्षेत्रफळ जवळजवळ त्या वर्तुळाएवढेच भरते. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीत आपले पीक स्वतः नोंदवतो. इथे मालकाने पाऊल न टाकताही नोंद तयार होते, आणि पुढचे मोजमाप होईपर्यंत दरवर्षीची वाढ गणिताने त्यात मिळवली जाते.

उंची आणि एकूण लाकूड यांबाबत ही पद्धत भरवशाची आहे. अडचण जातींची आहे. चौकटींच्या माहितीत पाइन, स्प्रूस आणि 'पानझडी' असे तीनच गट असतात, त्यामुळे साधा बर्च, केसाळ बर्च आणि ॲस्पेन हे तिन्ही एकाच रकान्यात जाऊन बसतात. मिश्र जंगलात निर्णय नेमका याच रकान्यावर अडतो. साध्या बर्चचा सरळ, जाड बुंधा प्लायवूडच्या कारखान्यात चांगल्या भावाने जातो. ओलसर, दलदलीच्या जमिनीवर वाढणारा केसाळ बर्च बहुधा कागदाच्या लगद्यापुरताच उरतो. ॲस्पेनची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याच्या जुन्या खोडांवर कितीतरी कीटक, बुरश्या आणि दगडफुले जगतात आणि संरक्षित असलेली उडती खार बरेचदा त्याच्याच ढोलीत राहते, म्हणून जुने ॲस्पेन राखावेत असे वनशास्त्रज्ञ सांगतात. मात्र पाइनच्या कोवळ्या शेंड्यांना वाकवणारा तांबेरा आपल्या जीवनचक्राचा काही काळ ॲस्पेनच्या पानांवर काढतो, त्यामुळे पाइनच्या रोपवनाजवळ ॲस्पेनचे फुटवे नकोसे असतात. आणि मोठे ॲस्पेन तोडले की मुळांतून असे फुटवे भरमसाट येतात. एकाच झाडाबद्दलचे हे दोन परस्परविरोधी सल्ले कोणत्या कोपऱ्यात कोणता लागू पडतो, हे 'पानझडी' या एका आकड्यातून ठरवता येत नाही.

रोपावस्थेत तर लेझरचा उपयोग फारच कमी होतो, कारण गुडघाभर रोपे, गवत आणि खुंटांचे धुमारे यांतला फरक त्याला नीट कळत नाही. तोडणीनंतर जमीन उकरून मातीचे उंचवटे करतात आणि त्यांवर हेक्टरी सुमारे १,८०० स्प्रूस लावतात. त्याच उकरलेल्या मातीत बर्चचे बी वाऱ्याने येऊन पडते आणि न लावलेली बर्चची रोपे हजारोंनी उगवतात. ती स्प्रूसपेक्षा भराभर वाढतात. वेळेत विरळणी केली नाही तर त्यांच्या फांद्या वाऱ्यात हलून स्प्रूसचे शेंडे झोडपून काढतात. सगळा बर्च छाटणेही शहाणपणाचे नाही. निव्वळ स्प्रूसच्या जंगलात खोडकिड्याचा आणि मूळकूज बुरशीचा धोका अधिक असतो, शिवाय ही बुरशी जुन्या खुंटांमधून पुढच्या पिढीच्या स्प्रूसमध्ये शिरते, म्हणून कुजलेल्या जागी जात बदलून बर्च घेणे हा जुना आणि चांगला उपाय आहे. किती बर्च ठेवायचे, कुठे ठेवायचे आणि मूस हरणांनी खाऊन काय शिल्लक उरेल, याचा अंदाज रोपांमध्ये उभे राहूनच घ्यावा लागतो. सेवेत या टप्प्यावर 'रोपवनाची विरळणी' एवढी सूचना दिसते; तिला कामाचे अंदाजपत्रक समजू नये, तपासणीला जाण्याची आठवण समजावे.

सुचवलेली कामे मालकावर बंधनकारक नसतात, हे नव्या मालकांनी ध्यानात ठेवावे. २०१४ पासून लागू असलेल्या सुधारित वनकायद्याने तोडणीसाठी झाडांच्या किमान वयाची आणि जाडीची अट काढून टाकली आणि जंगल कधीच पूर्ण उघडे न पाडता निवडक झाडे काढत जाण्याची मोकळीक दिली. सरसकट तोडणीची सूचना दिसली तरी तिथे बर्चच्या सावलीत स्प्रूसची दुसरी फळी वाढत असेल, तर वरचा बर्च काढून खालच्या स्प्रूसला उजेड देणे हा पर्याय खुला असतो. अशी खालची फळी लेझरला वरच्या पानोऱ्यामुळे बरेचदा पुरेशी दिसत नाही.

कागदोपत्री कामांत मात्र सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतील. तोडणीपूर्वी किमान १० दिवस आधी द्यावी लागणारी सूचना इथूनच दाखल करता येते आणि कायद्याने राखीव ठरलेले झरे, ओढे आणि त्यांचे काठ नकाशावर ठळक दिसतात. २०१८ पासून जंगलाची मूळ माहिती सर्वांसाठी खुली आहे, पण त्यात मालकाचे नाव नसते. लाकूड खरेदीदाराला किंवा कंत्राटदाराला आपल्या जंगलाचा तपशील दाखवायचा की नाही, हे मालक सेवेतच ठरवू शकतो. सामायिक मालकीत ही परवानगी देण्याआधी सगळ्या वाटेकऱ्यांशी बोलून घ्यावे, कारण ती दिली की खरेदीदारांचे प्रस्ताव येऊ शकतात आणि त्यांना उत्तर कोणी द्यायचे हे घरात आधीच ठरलेले बरे.