प्रोसेस एक्सप्लोरर : अडलेल्या फाइलचा धनी शोधून देणारे साधन

एखादे फोल्डर काढून टाकायला जावे आणि ‘फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ एवढेच सांगून विंडोजने हात वर करावेत, हा अनुभव कोणालाच नवा नाही. अशा वेळी मी मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स या विंडोज-साधनांच्या संचातले, २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे असलेले आणि विनामूल्य मिळणारे प्रोसेस एक्सप्लोरर उघडतो. परवा माझ्या जावा प्रोग्रॅमचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवण्याचे काम, सतत अडत होते. कोणत्या प्रोग्रॅमने कोणती फाइल धरून ठेवली आहे ते शोधणाऱ्या ‘फाइंड हँडल ऑर डीएलएल’ या खिडकीत जार फाइलचे (जावा प्रोग्रॅमच्या एकत्र बांधलेल्या फाइलचे) नाव टाकताच, मी बंद केला असे समजत होतो तो जावा सर्व्हर मागे तसाच जिवंत असल्याचे दिसले.

कोणती प्रक्रिया (म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) कोणी सुरू केली, हे झाडासारख्या मांडणीत दिसते, त्यामुळे मुळापर्यंत जाणेही सोपे पडते. मात्र इतर खात्यांच्या प्रक्रियांचा तपशील हवा असेल, तर ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावे लागते. प्रोग्रॅम न थांबवता नुसते हँडल, म्हणजे त्याची फाइलवरची पकड, बंद करण्याचीही सोय आहे, पण ती शक्यतो वापरू नये, कारण त्या प्रोग्रॅमला याचा पत्ताच नसतो आणि माहिती बिघडू शकते. इन्स्टॉल करण्याची भानगड नसल्याने ते पेनड्राइव्हवर ठेवता येते. रूप जुनाट आहे खरे, पण टास्क मॅनेजर मी आता क्वचितच उघडतो.