उबुंटूवर वॅकॉम इन्टुओस स्मॉल

वडसा-ब्रह्मपुरीकडं झाडीपट्टी नाटकांची पोस्टरं करणाऱ्यांनी वॅकॉम इन्टुओस स्मॉल, म्हणजे सीटीएल-४१०० हा पेनानं चित्र काढायचा टॅब्लेट, जरूर घ्यावा. त्याचा ड्रायव्हर उबुंटू ज्यावर चालतं त्या लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच असतो, तो डाउनलोड करावा लागत नाही, त्यामुळे गावात रेंज नसली तरी अडत नाही. पेनाला चार्जिंगच नाही. लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू.

केबल लावूनही पेन नीट चालत नसेल, तर टॅब्लेट बहुधा अँड्रॉइड फोनसाठीच्या मोडमध्ये गेलाय. चार बटणांपैकी दोन्ही टोकांची तीन-चार सेकंद दाबून धरा, दिव्याचा उजेड बदलला की झालं.

चित्राची जागा १५२ बाय ९५ मिमी, म्हणजे १६:१०. लॅपटॉपचा पडदा १६:९ असला की गोल चेहरा आडवा ताणला जातो. सेटिंग्जच्या वॅकॉम पानावर गुणोत्तर कायम ठेवा. टॅब्लेटवरची साडेनऊ मिमीची पट्टी वाया जाते, ती खुशाल जाऊ द्या. टर्मिनलमधून टॅब्लेट जुळवायच्या एक्ससेटवॅकॉमच्या आज्ञा मात्र वेलँडवर, म्हणजे उबुंटूच्या नव्या पडदा-व्यवस्थेवर, चालत नाहीत.