बाबांचा कूलर अन् महालातला मिस्त्री : साडेतीन स्टार

रिव्ह्यू नागपूरच्या महालातल्या मोटर रिवाइंडिंगच्या (जळालेल्या मोटरीत नवीन तार भरून देणाऱ्या) दुकानाचा आहे पण आधी कूलरचं सांगावं लागंल. बाबांनी 1998 मध्ये घेतलेला पत्र्याचा डब्बा, 18 इंची फॅन, दर पावसाळ्यात आई म्हणते हा भंगारात द्या अन् दर मार्चमध्ये तीच विचारते की अरे खस आणली का, मिस्त्रीला फोन केला का.

यंदा मोटर गरम होऊन बंद पडून राहिली होती म्हणून मोटर अन् खसवर पाणी सोडणारा टुल्लू पंप पिशवीत घालून नेला. दुकान म्हणजे दोन शटरच्या मधली फट, बसायला जागा नाही. काकांनी शाफ्ट हातानं फिरवला, नाकाशी नेऊन वास घेतला अन् म्हणाले, "भाऊ, वाइंडिंग जळालं, बुशही गेले. तांब्याचं आहे म्हणून भरून देतो, पण पत्रा सडला असंल तर नवीन घ्या ना बाप्पा, काऊन पैसे घालता." ज्याचं दुकान आपल्या अशाच सवयीवर चालते तोच माणूस म्हणून राहिला टाकून द्या! मी म्हटलं, भरा.

900 रुपये, नवीन पंपाचे 250 वेगळे. दोन दिवसांचे पाच केले, एक स्टार त्याचा गेला. बिल मागितलं तर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दिलं, अर्धा त्याचा. काम मात्र एक नंबर. मे मध्ये आपल्याकडं हवा कोरडी ठणठणीत, पाणी झपाझप उडते म्हणून कूलरची हवा गार लागते, 2013 ला तापमान 47.9 झालं होतं तेव्हाही आम्ही ह्याच डब्ब्यासमोर झोपलो. एकदा पाऊस सुरू झाला की हवा दमट, मग नुसतं अंग चिकट, तिथं कोणताही मिस्त्री काय करंल.

घरच्यांवर हसतो मी, पण आमच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात डॉट मॅट्रिक्स अजून कर्रकर्र करतेच. तिचं निदान कारण आहे, पिना रिबिनीवर आपटतात म्हणून बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, चारही कॉप्या कार्बनवर एका दमात निघतात, लेझरला ते जमत नाही. पण बाजूच्या फॅक्स मशीनचं काय? लाइन कापून कितीतरी वर्षं झाली, आता तिच्यावर गणपती बसवलाय, त्यामुळं हलवायचं नावच नाही.

ऑफिसच्या ट्यूबलाइटचे दोन जुने चोकही सोबत नेले होते, त्यांना काकांनी हातही लावला नाही. म्हणे ट्यूब 40 ची अन् वरून हा चोक 10-15 वॅट खाते, 20 ची एलईडी पट्टी लाव अन् घरी जा. चोक मी परत आणले, ड्रॉवरमध्ये आहेत.

जायचं असंल तर गुढीपाडव्याच्या आधी जा, मे अखेरच्या नवतप्यात गेले तर तुमच्यापुढं वीस मोटरा असतात. अन् कूलरची टाकी ते करत नाहीत, आमची मी एम-सीलनं बुजवली, तरी गळते, सध्या खाली परात ठेवलीय.