झाडू मशीन भाड्याने घेताय? आधी टाकी कुठे रिकामी करतात ते विचारा

आमची सोसायटी पुण्यातल्या वाघोलीत. आसपास दगडखाणी, खडी क्रशर आणि कधीच न संपणारी बांधकामं. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) भरलेले हायवा, म्हणजे मोठे डंपर, दिवसभर जातात, ताडपत्री असलीच तर अर्धवट. म्हणून आतले रस्ते आणि गेटबाहेरचा पट्टा झाडायला व्हॅक्यूमवाली मशीन तासाच्या भाड्याने लावली. कमिटीत असल्यामुळे तिच्या मागे फिरायचं काम माझ्याकडे आलं.

काही सभासदांचं म्हणणं होतं, टँकर बोलवा आणि रस्ते धुऊन काढा. मी हाणून पाडलं. धुतलेला गाळ जातो पावसाळी चेंबरमध्ये; चेंबर तुंबतं आणि उरलेलं नाल्यातून मुळा-मुठेत. त्यात नुसती माती असती तर एक वेळ चाललं असतं. टायरची झीज, ब्रेकची भुकटी, डांबराचा चुरा, सांडलेलं ऑइल, सगळं असतं. खराट्याने झाडावं, तर जाड कच बाजूला होते आणि बारीक फुफाटा झाडणाऱ्या मावशींच्या नाकातोंडात.

मशीन खडी, पानं, वाळू मस्त ओढते. बारीक धुळीचं मात्र सगळं ड्रायव्हरच्या पायावर आहे. माणसाच्या चालीने नेली तर कर्बलगतची पिठासारखी धूळही उचलते. त्याला घाई असली की वरचं तेवढं जातं. त्या भागावर ओलं फडकं फिरवून बघा, लगेच कळतं. आणि धूळ रस्त्याच्या मधोमध नसतेच हो, गाड्यांच्या वाऱ्याने ती कडेला जाऊन बसते, म्हणजे नेमकी आपण गाड्या लावतो तिथे. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाकून एक बाजू रिकामी करून घेतली नाही, तर भाडं फुकट.

सगळ्यात संताप आणणारा प्रकार टाकीचा. गोळा केलेली धूळ ड्रायव्हर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उपडी करत होता. वारा सुटला की परत आमच्याच गॅलऱ्यांत! कंत्राटदाराशी भांडून आता धूळ ओली करून पोत्यांत भरायची आणि पोती त्यानेच न्यायची, असं लिहून घेतलंय. हे पहिल्या दिवशीच लिहून घ्या.

ग्रुपवर विचारणा होते, "एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा) किती उतरला?" एका सभासदाने गच्चीवर छोटा सेन्सर लावलाय, त्यात फारसा फरक दिसत नाही. तसले स्वस्त सेन्सर जाड धूळ नीट मोजतच नाहीत, आणि गेटबाहेर हायवा धावत असताना आतला रस्ता झाडून वाघोलीची हवा बदलेल, ही अपेक्षा मशीनकडून ठेवू नये. ग्रिलवरचा थर कमी झालाय, दम्याचा त्रास असलेल्या आमच्या सासूबाई सकाळी पुन्हा खाली फिरतात. मला तेवढं पुरे.

पाचपैकी साडेतीन तारे. दिवाळी ते मे घ्या. पावसाळ्यात घेऊ नका, चिखलाने फिल्टर चोंदतो आणि त्याची सफाई बिलात लागते.